यादी ह्यांची, कुस्को माझं

कुस्कोला जायचं ठरवलं आमच्या ह्यांनी, आणि कुस्को पाहिलं मी. हे वाक्य त्यांना अजिबात आवडत नाही, म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकते.

पेरूला जाणाऱ्या दोघीतिघींनी मला विचारलं, की तुम्ही तिकडे राहिलात ना, मग कुस्कोमध्ये एक दिवस असेल तर काय बघावं? आता मी गेले त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. साल शहात्तर की सत्याहत्तर, यावरून आमच्या घरात अजून एकमत नाही. त्यामुळे हॉटेलचे दर माझ्याकडून घेऊ नका. पण दगड जागेवर असतील, थंडी तेवढीच असेल आणि चढ तर हलवता येत नाहीत. बाकीचं वाचा आणि तुमचं तुम्ही ठरवा.

आधी आम्ही तिकडे पोचलो कसे, ते सांगते. माझं माहेर सोलापूर, चाटी गल्लीत वडिलांचं कापडाचं दुकान. घरात कन्नड, दुकानात मराठी. सासर अक्कलकोटकडचं. आमचे हे माळशिरस तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात इंजिनिअर होते. त्या सुमारास पेरूत मोठमोठ्या जमीनदारांचे ऊसमळे आणि कारखाने सरकारने काढून घेऊन कामगारांच्या सहकारी संस्थांना दिले होते. त्यांना सहकारी कारखान्यात काम केलेले जाणकार हवे होते. ह्यांनी अर्ज केला आणि दीड वर्षाचा करार झाला. सहकार शिकायला त्यांना आमच्याकडचा माणूस लागला, यावरून तिकडे मिटिंगा किती होत असतील याचा अंदाज करा.

आम्ही त्रुहियो नावाच्या शहराजवळ राहायचो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळवंट आणि मध्ये ऊस. पाऊस नावालाही नाही. सोलापूरच्या माणसाला पावसाचं फारसं कौतुक नसतं, पण तिथे गेल्यावर मला सोलापूर म्हणजे कोकण वाटायला लागलं. मी चोवीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली. स्पॅनिश येत होतं ते बाजारापुरतं: किती, महाग आहे, कमी करा, मांस नको.

सातव्या महिन्यात तार आली. माझे अप्पा गेले.

तार कारखान्याच्या ऑफिसात येऊन माझ्या हातात पडेपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं. तीन आठवड्यांनी मल्लूअण्णाचं, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचं पत्र आलं. कोण कोण आलं होतं, दुकान किती दिवस बंद ठेवलं, अव्वा, म्हणजे आई, कशी आहे, असं दोन पानं भरून. त्यात एक ओळ होती, 'अप्पांना छान बसवलं.' आमच्यात माणसाला जाळत नाहीत, आडवंही ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, हातात इष्टलिंग देतात, विभूती लावून, बेल वाहून तसंच मातीच्या स्वाधीन करतात. ती ओळ मी किती वेळा वाचली असेन, सांगता येत नाही. छान म्हणजे कसं? मान ताठ होती का? डोळे मिटले होते का? मला काहीच दिसेना. आणि रडू तर मुळीच येईना.

मी स्वयंपाक केला, कपडे धुतले, मक्याच्या पिठाच्या भाकऱ्या थापल्या आणि महिनाभराने ह्यांना म्हणाले, "मला घरी पाठवा."

"माझे अजून दहा महिने आहेत."

"तुम्ही राहा. मी जाते."

त्यांनी वाद घातला नाही. लिमाहून निघणाऱ्या विमानात जागा धरून ठेवली. मग दोन दिवसांनी जेवताना म्हणाले, "एवढं समुद्र ओलांडून आलीस, तर जाताजाता कुस्को बघून जा. परत कोण येतंय इकडं?"

मला कुस्कोशी काही देणंघेणं नव्हतं. पण ह्यांना इतिहासाचा भारी नाद. आल्यापासून ते पेरूच्या इतिहासाची पुस्तकं वाचत होते आणि मला जेवणात तोंडी लावायला वाढत होते. म्हटलं, जाऊ. निघायच्या आधी ह्यांची एक हौस पुरी होईल.

त्रुहियो ते लिमा दिवसभराचा बसप्रवास. रस्ता चांगला, एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला वाळूच्या टेकड्या, नऊ तासांत झाड दिसलं तर डोळे पुसून बघावं. लिमाहून कुस्कोचं विमान पहाटेच निघतं, कारण दुपारनंतर डोंगरात वारा सुटतो. तास-सव्वा तासात बर्फाच्या डोंगरांवरून ते कुस्कोच्या खळग्यात उतरतं. उंची अकरा हजार फूट. सोलापूर पंधराशे.

विमानात ह्यांनी मला बजावलं, "वर हवा विरळ असते. पहिल्या दिवशी हळू चालायचं, ओझं उचलायचं नाही, पोटभर जेवायचं नाही. समजलं?"

समजलं. मी काहीच उचललं नाही. ह्यांनी मात्र हॉटेलवर पोचताच दोन्ही बॅगा दोन हातांत घेतल्या आणि "अरे, ह्यात काय आहे" म्हणत लाकडी जिना एका दमात चढून गेले. वरच्या पायरीवर उभे राहून त्यांनी माझ्याकडे विजयी वीरासारखं पाहिलं. पुढच्या पंधरा मिनिटांत त्यांचा रंग गव्हाळ होता तो हिरवट झाला. डोकं दोन्ही हातांनी धरून ते पलंगावर बसले, मग आडवे झाले आणि मग म्हणाले, "बादली."

हॉटेलची मालकीण साठीची, ठेंगणी, केसांची घट्ट वेणी घातलेली बाई. आल्या पाहुण्यांपैकी कोण पडणार हे तिला जिन्यावरच्या पावलांवरून कळत असावं, कारण मी खाली जायच्या आत ती कोकाच्या पानांचा गरम काढा घेऊन वर आली. ह्यांच्याकडे बघून "पोब्रेसितो" म्हणाली. म्हणजे बिचारा. पुढचे दोन दिवस ती ह्यांना त्याच नावाने हाक मारत होती.

आम्ही घरून शेंगाचटणीचा शेवटचा डबा आणला होता. मालकिणीने चव घेतली आणि मान डोलावली. तिला त्यात नवल काहीच नव्हतं. शेंगदाणा मूळचा तिच्या मुलखातला, मिरचीही तिकडचीच, दोन्ही आपल्याकडे बोटीने आली, हे मला ह्यांनी पूर्वी सांगितलं होतं. मी विचारलं होतं, "मग त्यात सोलापूरचं काय?" विचार करून म्हणाले, "कुटणं."

तर ह्यांनी पडल्या पडल्या खिशातून एक कागद काढला. त्यांनी कुस्कोची यादी केली होती. सतरा कलमं, पुढे वेळा. 'बारा कोनांचा दगड, दहा मिनिटे.' 'सूर्यमंदिर, चाळीस मिनिटे.' 'संग्रहालय, एक तास, मातीची भांडी नीट पाहणे.' कारखान्याच्या देखभालीचं वेळापत्रक लावतात तसं.

"तू जा," म्हणाले.

"एकटी?"

"संग्रहालय उद्या बंद असतं. परवा आपण निघणार. वही घे, मला सगळं लिहून आण."

सोलापुरात मी सिद्धेश्वराच्या देवळातसुद्धा एकटी गेले नव्हते. अव्वा, वहिनी, नाहीतर शेजारची कुणीतरी बरोबर असायचीच. म्हटलं, "मी इथेच बसते तुमच्याजवळ." त्यावर हे डोळे मिटूनच म्हणाले, "इथं बसून काय करणार? बादली धरणार?"

मालकिणीने मला खांद्याला धरून जिन्याकडे वळवलं. पुरुषाचं आजारपण बघत बसायचं नसतं, हे तिचं मत तिने एका शब्दाचीही मदत न घेता मला पटवलं.

इरकली साडी, तिच्यावर ह्यांचा कोट, पायात लोकरीचे मोजे आणि चपला, हातात वही. अशी मी कुस्कोच्या रस्त्यावर उतरले. ऊन इतकं झगझगीत, की कपाळ भाजतं, आणि सावलीत गेलं की दात वाजतात. (तुम्ही जाल तर जून ते ऑगस्टमध्ये जा, आकाश निळंशार असतं. पण कपडे थरावर थर घाला, ते काढा-घालाचं काम दिवसभर चालतं.) दहा पावलं चढ चढलं की छातीत भाता चालायचा. मी थांबायचे, भिंतीला हात लावून उभी राहायचे, मग पुढची दहा पावलं. पण आपण इतकं हळू चाललो की गाव आपल्याशी बोलायला लागतं.

बायका पाठीवर पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात ओझं बांधून, डोक्याला टोपी घालून, चालता चालता चातीवर सूत काततात. बोलणं चालू, चालणं चालू आणि हातही चालू. त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे. बाजाराजवळ एक बाई कंबरेला माग बांधून विणत बसली होती. मागाचं एक टोक खांबाला, दुसरं तिच्या कंबरेला. ती मागे रेलली की ताणा घट्ट, पुढे झुकली की सैल. आमच्या सोलापुरात घराघरांत माग, पण माणूसच मागाचा अर्धा भाग झालेला मी पहिल्यांदा पाहिला. मी वाकले आणि कापडाचं टोक उलटं करून पाहिलं. अप्पांची सवय. गिऱ्हाईक कापडाची सरळ बाजू बघतं, आपण उलटी बघावी, असं ते म्हणायचे. ह्या कापडाला उलटी बाजूच नव्हती. दोन्हीकडे तीच नक्षी, तेवढीच स्वच्छ.

बाईने माझा हात पाहिला, हसली, आणि माझ्या साडीचा काठ धरून तिनेही उलटा करून पाहिला. मग तिने किंमत विचारली. मला वाटलं, सोलापूरला किती पडते ते विचारतेय. मी हिशेब करून सांगितलं, तर ती कमरेचं फडकं सोडून पैसे काढायला लागली. माझी नेसती साडी विकत मागत होती! मी "नो, नो" म्हणत पदर सावरत तिथून काढता पाय घेतला, आणि तिच्या भोवतीच्या चार बायका इतक्या मोकळ्या हसल्या, की मलाही हसू आलं. महिन्याभरात पहिल्यांदा.

बारा कोनांचा दगड एका अरुंद गल्लीत आहे. अख्खी भिंतच मोठमोठ्या दगडांची, मध्ये चुना नाही, माती नाही, आणि फटीत पोस्टकार्ड शिरणार नाही. त्यातल्या एका दगडाला बारा कोन, ते सगळे शेजारच्या दगडांत बेमालूम बसवलेले. मी मोजले. अकरा भरले. परत मोजले. अकरा. वहीत लिहिलं, 'दगड पाहिला. कोन अकरा.' ह्यावरून पुढे जे झालं ते आमच्या संसारातलं सर्वांत लांबलेलं भांडण आहे.

मोठ्या चौकातल्या चर्चमध्ये येशूच्या शेवटच्या जेवणाचं भलंमोठं चित्र आहे. मध्ये ताट, ताटात उताणा, चारी पाय वर केलेला कुठलासा प्राणी. मी जवळ जाऊन पाहिलं. हे लोक घरात पाळतात आणि सणाला भाजून खातात, तो केसाळ, उंदरासारखा जीव. चित्रकार इथलाच. पाहुणा कितीही मोठा असो, आपल्या घरी आला तर आपल्याकडचंच वाढायचं, असा त्याचा हिशेब असणार. (शाकाहारींसाठी: 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणून थांबू नका. कोंबडीला तिथे कुणी मांस समजत नाही. उकडलेलं मोठ्या दाण्यांचं कणीस आणि त्यावर ताज्या चीजचा तुकडा, हे चौकात टोपलीवाल्या बायकांकडे मिळतं. मी दोन खाल्ली.)

सूर्यमंदिर म्हणजे खाली इंकांची काळी, गुळगुळीत, वळणदार भिंत आणि तिच्या डोक्यावर स्पॅनिश लोकांनी बांधलेलं चर्च. भूकंप झाला की वरचं पडतं, खालचं हलत नाही. हे मला तिथल्या झाडूवाल्याने हातवारे करून सांगितलं. वरचं पडताना दाखवताना त्याला फार आनंद होत होता.

संग्रहालयात पोचले तेव्हा दुपार झाली होती. जुनं स्पॅनिश घर, मध्ये दगडी चौक, भोवती खोल्या. तिकीट जेमतेम. दाराशी निळा स्वेटर घातलेली एक राखणदार बाई, वय पन्नासच्या पुढचं, तिने माझ्या चपला पाहिल्या आणि 'थंडी वाजत नाही का' अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटली. मी यादीप्रमाणे भांडी नीट पाहिली. माणसाच्या तोंडासारखी भांडी, मक्याच्या कणसासारखं भांडं, जुळ्या पोटांचं भांडं. प्रत्येकाची वहीत एक ओळ. कंटाळा यायला लागला होता, खरं सांगते.

शेवटच्या खोलीत उजेड कमी होता. आधी डोळ्यांना काही दिसेना. मग काच दिसली आणि काचेमागे ती माणसं.

बसलेली होती. गुडघे पोटाशी, हात छातीशी, अंगावर कापडाचे गुंडाळे. कातडी वाळून भुईमुगाच्या टरफलासारखी झालेली. एकाची मान थोडी एका बाजूला झुकली होती, दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना डुलकी लागावी तशी.

माझ्या पुढे एक गोरं जोडपं होतं. बाई दचकून नवऱ्याला चिकटली, तो काहीतरी विनोद बोलला, दोघं हसली. मला भीती वाटली नाही. काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. 'छान बसवलं' ही ओळ महिनाभर नुसती अक्षरं होती. आता तिला पाठ होती, खांदे होते, झुकलेली मान होती.

मी चपला काढल्या, बाजूला ठेवल्या आणि हात जोडले.

"सेन्योरा! सापातोस!" पायताण, पायताण म्हणत राखणदार बाई मागून आली. फरशी बर्फासारखी होती, मी आजारी पडेन अशी तिला काळजी, किंवा चपला काढायला बंदी असेल. तिने एकदा माझ्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं, एकदा काचेकडे, आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुमचं कुणी आहे का?"

मला सांगायचं होतं, की आमच्याकडेही असंच बसवतात, माझ्या वडिलांनाही बसवलं, आणि मी तिथे नव्हते. एवढं स्पॅनिश माझ्याजवळ कुठलं? बाजारात वडिलांबद्दल बोलायची वेळ येत नाही. स्पॅनिशमध्ये 'मी' म्हणजे माझे. माझ्या तोंडून दोनच शब्द निघाले.

"मी पापा."

बोलल्यावर मला कळलं, मी काय बोलून बसले. काचेमागचा माणूस पाचशे वर्षांपूर्वीचा. मी सोलापूरची. बाईने हसायला हवं होतं. ती हसली नाही. तिने काचेतल्या त्या झुकलेल्या मानेच्या माणसाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि दाराजवळची स्वतःची खुर्ची उचलून आणून काचेसमोर ठेवली.

"तियाकुय," म्हणाली.

हे स्पॅनिश नव्हतं, तिच्या घरची भाषा होती, केचुआ. पण अव्वा ज्या सुरात कन्नडात 'कुंद्रु' म्हणते, त्याच सुरात म्हणाली. बस. मी बसले. तिने त्या गोऱ्या जोडप्याला हाताने बाहेर काढलं, "सेर्रादो, सेर्रादो," बंद आहे, बंद आहे म्हणत, आणि दार लोटून घेऊन बाहेर उभी राहिली.

मग मी रडले. किती वेळ, कुणास ठाऊक. ह्यांच्या यादीत त्याला मिनिटं दिलेली नव्हती.

दार उघडलं तेव्हा तिच्या हातात चहाचा पेला होता. नाव होर्तेन्सिया. मोडक्यातोडक्या शब्दांत, हातांनी, बोटांनी मी तिला शेवटी खरं सांगितलं. वडील दूर, खूप दूर. तीन महिने नाही, दोन महिने. असेच बसलेले. ती ऐकत राहिली. मग तिने सांगितलं ते मला निम्मं कळलं, निम्मं नंतर ह्यांच्या पुस्तकांतून जुळवलं. तिची आजी सांगायची, की पूर्वी आपल्या मोठ्या माणसांना असं बसवून ठेवायचे आणि सणाला बाहेर काढायचे. नवे कपडे घालायचे, पुढ्यात मक्याची दारू ठेवायची, काय पिकलं ते सांगायचे. मग पाद्री आले, त्यांनी बंद केलं, कित्येकांना जाळून टाकलं.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता हे इथे." तिने खांदे उडवले. "मी सकाळी कुलूप काढते तेव्हा बुएनोस दियास म्हणते. कुणीतरी म्हणायला पाहिजे."

हॉटेलवर परत आले तेव्हा ऊन डोंगरामागे जात होतं. पोब्रेसितो उशीला टेकून बसले होते आणि मालकीण त्यांना चमच्याने सूप पाजत होती. मी वर्षभर एवढे लाड केले नव्हते.

"सतरा झाली?"

"पाच."

"पाचच?" त्यांनी वहीसाठी हात पुढे केला. अकरा कोनांपाशी थबकले, तोंड उघडलं, पण माझ्या डोळ्यांकडे लक्ष गेलं आणि मिटलं. मी सगळं सांगितलं. खुर्ची, काच, मी पापा.

"रडलीस?"

"हो."

"बरं झालं." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "तुला असं कोरडं कोरडं विमानात कसं बसवून द्यायचं, तेच मला कळत नव्हतं. म्हटलं, निदान चार दिवस डोंगर तरी बघेल."

म्हणजे कुस्को ही ह्यांची हौस नव्हतीच. सतरा कलमांची यादी माझ्यासाठी होती. मी काहीतरी बोलणार, एवढ्यात त्यांनी बादली मागितली. आमच्या ह्यांना नाजूक क्षण कसा संपवायचा हे कुणी शिकवायला नको.

बादली धुऊन आणल्यावर मीच म्हणाले, "ते लिमाचं तिकीट रद्द करा."

"का गं?"

"अप्पा बसलेत. आता घाई नाही. दोघं बरोबरच जाऊ."

त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांच्या पोटात सूप टिकलं. तिसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी उठून उभे राहिले आणि मला हाताला धरून त्या दगडापाशी घेऊन गेले. त्यांनी बारा मोजले.

दहा महिन्यांनी आम्ही सोलापूरला परतलो. एवढ्या लांबच्या प्रवासातून काय उरलं, असं मला विचारतात. सोन्याचे मुखवटे मला आठवत नाहीत, राजांची नावं तर तेव्हाही पाठ नव्हती. एका अनोळखी गावात मी दिवसभर एकटी हिंडले आणि हरवले नाही, हे उरलं. पुढे आयुष्यात एकटं जायची वेळ आली तेव्हा ते उपयोगी पडलं. माझी चूक दुरुस्त न करता खुर्ची आणून देणारी एक बाई उरली. तुम्ही कुस्कोला गेलात तर सतरा ठिकाणं बघू नका. पाच बघा, आणि एखाद्या ठिकाणी कुणी बस म्हणालं तर बसा.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी मल्लूअण्णा मला रुद्रभूमीत घेऊन गेला. अप्पांच्या जागेवर ओटा बांधून झाला होता. मी विचारलं, कसं बसवलंत, तर त्याने सगळं सांगितलं. पाठीला आधार कसा दिला, मान सरळ राहीना तेव्हा जंगमस्वामींनी स्वतःच्या हाताने कशी धरली. घरी आल्यावर अव्वा अंगणात सुपात शेंगा घेऊन फोडत बसली होती. मी तिला कुस्कोचं सांगितलं.

"मांडी घालून बसल्यात?"

"गुडघे पोटाशी घेऊन."

"थंडी असंल तितं."

"लई थंडी, अव्वा."

"अंगावर कापड हाय न्हवं?"

"हाय. लोकरीचं."

तिने मान हलवली. तेवढी माहिती तिला पुरेशी होती. पण माझ्या मनात एक सल राहिला होता तो मी बोलून दाखवला, की माणसांना असं काचेत मांडायचं, तिकीट लावायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याने हसायचं, हे मला बरोबर वाटलं नाही. मल्लूअण्णाही म्हणाला, "न्हाय की, बरोबर न्हायच. मातीतला माणूस मातीत पायजे."

अव्वाने चार शेंगा फोडल्या, दाणे सुपात टाकले, टरफलं फुंकली.

"तिकीट असंल तर असूं द्या की," ती म्हणाली. "रोज जाऊन बघता तर येतंय."

मल्लूअण्णा उठून बाहेर गेला. मी सूप थोडं माझ्याकडे ओढलं आणि तिच्याबरोबर शेंगा फोडायला बसले.